आईच्या पाटल्या, पुण्याचा कोर्स आणि गल्लीतले पीएफचे फॉर्म

पत्र थोडक्यात: लिहिणारी मुलगी २१ वर्षांची, सोलापूरच्या पूर्व भागातली. घरी तेलुगू, शाळा मराठी. यंदा बी.कॉम. झाली, ६१ टक्के. वडील आधी पॉवरलूमवर होते, आता रात्रपाळीला वॉचमन. आई विड्या वळते. धाकट्या भावाने दहावीनंतर आयटीआय फिटर केलं आणि आता चिंचोळी एमआयडीसीत अप्रेंटिस आहे, दर महिन्याला घरात पैसे देतो. हिला मात्र नोकरी नाही. पुण्याच्या एका क्लासने फोन करकरून ‘डेटा अ‍ॅनालिटिक्स’चा नऊ महिन्यांचा कोर्स सुचवलाय, फी ९५,०००, ‘शंभर टक्के प्लेसमेंट’, आणि सीट पकडायला ५,००० टोकन. आई पाटल्या गहाण टाकायला तयार आहे, वडील म्हणतात एवढ्यात एक स्थळ आलंय ते बघू. तिचे प्रश्न दोन: हा कोर्स करू का? आणि माझी तीन वर्षं वाया गेली का? शेवटी ता.क. म्हणून लिहिलंय: “सध्या घरीच असते, आईला मदत करते आणि गल्लीतल्या बायकांचे पीएफचे फॉर्म मोबाईलवर भरून देते, एवढंच.”

उत्तर:

आधी त्या टोकनचं बोलू. ५,००० भरले नसशील तर भरू नकोस, निदान हे वाचून होईपर्यंत तरी थांब. “आजच्या आज भरा, उद्या सीट जाईल” असं जे म्हणतात ना, त्यांची सीट उद्याही असते आणि परवाही असते, पुढच्या बॅचला तर डिस्काउंट पण असतो.

आता तुझ्या त्या ‘एवढंच’कडे येते, कारण सगळ्या पत्रात मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं आणि तू ते अगदी तळाला टाकलंस. विडी कामगार बाईचा पीएफ काढणं म्हणजे काय असतं हे ज्याने केलंय त्यालाच माहीत. कारखान्याच्या रजिस्टरला मुनशीने नाव एक लिहिलेलं, आधारवर दुसरं, बँकेच्या पासबुकात तिसरं, त्यात आपल्या पूर्व भागातली तेलुगू आडनावं म्हणजे इंग्रजीत लिहायला चार जणांच्या चार तऱ्हा, जन्मतारीख बऱ्याच जणींची १ जानेवारी. मग ते दुरुस्त करायला जॉइंट डिक्लरेशन (कामगार आणि मालक दोघांनी मिळून द्यायचा दुरुस्तीचा अर्ज), केवायसी, नॉमिनी, आणि मग अ‍ॅडव्हान्स पाहिजे असेल तर फॉर्म ३१, काम कायमचं सोडलं असेल तर १९, पेन्शनचे पैसे असतील तर १०सी. चुकीचा भरला की क्लेम रिजेक्ट. हे तू मोबाईलवर करतीयस, फुकट करतीयस आणि वर म्हणतीयस घरीच असते! अगं बाई, कंपन्यांत या कामाला पेरोल आणि कम्प्लायन्स म्हणतात, त्याला पगार मिळतो. तू हे कामगाराच्या बाजूने करतेस, कंपनीत तेच मालकाच्या बाजूने करायचं असतं, म्हणजे दर महिन्याच्या १५ तारखेच्या आत सगळ्या कामगारांचं चलन भरायचं, ईएसआयचं (कामगार विम्याचं) भरायचं, नवा माणूस आला की यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) काढायचा. अर्धं तुला येतंच.

आता ‘तीन वर्षं वाया गेली का’. तू हा प्रश्न भावाकडे बघून विचारतीयस असं मला पत्रातून दिसतंय. तो १९ चा, कमावतोय, तू २१ ची, घरी. पण दोघांना शिकवलं कसं ते बघ की. फिटर ट्रेडला पोरगं गेलं की पहिले कित्येक दिवस नुसतं फाइलिंग, लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये धरायचा आणि कानशीने घासत बसायचं, मग काटकोन लावून उजेडात बघायचं, फट दिसली की परत घास. व्हर्नियरवर ०.०२ मिलिमीटरपर्यंत माप वाचायला शिकतात ती पोरं. दोन वर्षांतला बराच वेळ वर्कशॉपमध्ये जातो. तुला बी.कॉम.ला काय मिळालं? घसाऱ्याच्या पद्धती, जर्नल एंट्री, खाली नॅरेशन, आणि परीक्षेच्या आधी गाइड. जीएसटी २०१७ सालापासून देशात आहे, तुझ्या सिलॅबसमध्ये पण असणार, पण जीएसटीचं पोर्टल उघडून एक तरी रिटर्न कुणी तुझ्या हाताने भरून घेतलं का? बहुतेक नसेल. त्याला काम हाताने करायला मिळालं, तुला नाही, फरक एवढाच आहे गं, यात हुशार-बिशार कुणी कमीजास्त नाही.

आणि डिग्री वाया जात नसते, डिग्रीने काही दारं उघडी राहतात जी नंतर उघडायला फार त्रास होतो. बी.कॉम.वर जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नोंदणी करता येते, त्याची नासिन नावाच्या सरकारी संस्थेची परीक्षा असते ती पास व्हावी लागते. तुला ५५ टक्क्यांच्या वर आहेत म्हणजे मनात आलं तर सीएच्या इंटरमीजिएटला थेट नाव घालता येतं, फाउंडेशन द्यायची गरज नाही, आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची उमेदवारी) पण आता तीन नाही दोन वर्षांची झालीय. सोपं आहे असं नाही म्हणत, वर्षानुवर्षं अडकलेली पोरं आपल्या सोलापुरात प्रत्येक पेठेत आहेत. बँकेच्या क्लार्कच्या परीक्षेला पण पदवीच लागते. फक्त बँकेची तयारी करायची तर आधीच ठरवून टाक की अमुक दोन वर्षंच, नाहीतर ‘तयारी करतेय’ हाच एक धंदा होऊन बसतो.

भावाबद्दल तू काही विचारलं नाहीस, तरी सांगते. तो पुढे गेला असं घरातल्यांना वाटतंय म्हणून त्याचं शिक्षण संपलं असंही त्यांनी धरून टाकलंय, ते बरोबर नाही. अप्रेंटिसशिपचा काळ ठरलेला असतो, तो संपला की कंपनीने कामावर घेतलंच पाहिजे असं कायद्याने बंधन नाही. १९६१ चा अप्रेंटिस कायदा आहे त्यात हे कंपनीच्या धोरणावर सोडलंय. तेव्हा त्याने अप्रेंटिसशिपची परीक्षा नीट देऊन ते नॅशनल सर्टिफिकेट हातात घ्यावं, आणि दोन वर्षांच्या आयटीआयवर पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला अ‍ॅडमिशन मिळते, त्याची चौकशी आत्ताच करावी. घरात पैसा येतोय म्हणून १९ व्या वर्षी पोराला ‘कमावता’ करून टाकायची आपल्याकडे फार घाई असते. त्याला एकदा विचार तरी, पुढे काय करायचंय म्हणून.

बरं, आता तो कोर्स. डेटा अ‍ॅनालिटिक्स शिकणं वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण त्यात असतं काय ते बघ: एक्सेल, एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा), पॉवर बीआय (आकड्यांचे तक्ते-आलेख करायचं सॉफ्टवेअर), थोडं पायथॉन (प्रोग्रॅमिंगची भाषा). यातलं पहिलं तुला थोडंफार येतं (एमएस-सीआयटी केलेलं असणारच, सोलापुरात एमएस-सीआयटी न केलेलं माणूस मला अजून भेटायचंय), दुसरं घरबसल्या फुकट शिकता येतं. एक्सेलसारखंच लिब्रे ऑफिसचं कॅल्क असतं, त्याचे धडे आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर मराठीतून आहेत. माझं म्हणणं एवढंच की फी भरायच्या आधी एक महिना रोज तासभर एसक्यूएल शिकून बघ. आवडलं, डोकं चाललं, रात्री झोपताना पण तेच डोक्यात घोळतंय असं झालं तर पुढे जाऊ. चौथ्या दिवशी कंटाळा आला तर ९५,००० भरून तो कंटाळा जाणार नाहीये.

पैशाचा हिशोब पण अर्धाच केलायस. ९५,००० ही नुसती फी झाली. पुण्यात कॉट बेसिसवर राहणं, मेस, बसचा पास, महिन्या-दोन महिन्यांनी हुतात्मा एक्स्प्रेसने घरी येणं-जाणं. महिन्याला अगदी ८,००० धरले तरी नऊ महिन्यांचे ७२,००० झाले, म्हणजे १,६७,०००. कॉमर्सवाली आहेस, ही बेरीज क्लासवाल्याने नाही, तू करायची. आणि कोर्स संपला की त्याच नोकरीसाठी लाइनीत कोण उभं असणार? पुण्यातली इंजिनीअर पोरं, ज्यांना इंग्रजीत मुलाखत द्यायची सवय आहे. तू कमी आहेस असं नाही, पण त्या लाइनीत उभं राहायला तुझ्या हातात काहीतरी वेगळं पाहिजे.

क्लासवाल्यांना खालचे प्रश्न विचार, आणि हे मी फक्त तुझ्यासाठी लिहीत नाहीये. नर्सिंग असिस्टंट, ग्राफिक डिझाइन, एअर होस्टेस, ब्युटी पार्लर, कुठल्याही खाजगी कोर्सच्या दारात उभं असलेल्या सगळ्यांसाठी लिहितेय. मागच्या दोन बॅचमधल्या, आपल्या जिल्ह्यातल्या मुलींचे नंबर द्या म्हणायचं. क्लासने स्वतः निवडलेल्या दोन स्टार विद्यार्थ्यांचे नाही, तर ज्यांना नोकरी लागली आणि ज्यांना लागली नाही अशा दोघांचे. त्यांना फोन करून विचारायचं, हातात पगार किती येतो, काम नक्की काय करता, ऑफर लेटरवर कुठल्या कंपनीचं नाव आहे. कधी कधी ‘डेटा अ‍ॅनालिस्ट’ म्हणून लावतात आणि काम असतं कॉल सेंटरचं. मग विचारायचं की प्लेसमेंट म्हणजे नोकरी का नुसत्या मुलाखती, आणि ते कागदावर लिहून द्याल का. तोंडी शंभर टक्के आणि कागदावर ‘सहाय्य करण्याचा प्रयत्न करू’ असं असतं बऱ्याच ठिकाणी. कोर्स मध्येच सोडला तर फी किती परत, हेही कागदावर. कोचिंगच्या जाहिरातींत अशी नोकरीची हमी देण्याविरुद्ध ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये नियम काढलेत, आणि फसवणूक झाली तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. आधीच विचारलेलं बरं, नंतर तक्रारी करत फिरायला कुणाला वेळ आहे.

‘ईएमआय करून देऊ’ म्हणतील, त्यात फार मोठी गोम असते. ते हप्ते क्लासचे नसतात, ते एखाद्या फायनान्स कंपनीचं कर्ज असतं, तुझ्या नाहीतर वडिलांच्या नावावर. क्लासला सगळे पैसे पहिल्या दिवशी मिळतात. क्लास बंद पडू दे, सर सोडून जाऊ दे, तू आजारी पड, हप्ता तुझा चालूच, थकला की सिबिल खराब, उद्या घरासाठी कर्ज काढायला गेलीस की तिथे अडतंय. अ‍ॅपवरून कर्ज देणाऱ्यांसाठी रिझर्व्ह बँकेने २०२२ साली नियम केलेत, व्याजाचा खरा दर आणि सगळे चार्जेस एका पानावर लिहून द्यावे लागतात आणि सुरुवातीचे काही दिवस कर्ज परत करून बाहेर पडता येतं. ते पान मागितल्याशिवाय ओटीपी सांगायचा नाही. ओटीपी म्हणजे सही, हे गल्लीतल्या बायकांना तू सांगतच असशील.

पाटल्यांबद्दल मी जास्त बोलणार नाही. आईने हजार-हजार विड्या वळून, त्यातली छाट (खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या) सोसून केलेल्या पाटल्या आहेत त्या, गहाण पडायच्याच असतील तर खात्रीच्या गोष्टीसाठी पडू देत. ही गोष्ट अजून खात्रीची नाही.

मग करायचं काय? माझ्या मते पुढचं एक वर्ष सोलापुरातच, आणि घरी बसून नाही. एखाद्या टॅक्स कन्सल्टंटच्या किंवा सीएच्या ऑफिसात लाग. “सोलापुरात काय आहे?” असं तू लिहिलंयस, सगळेच म्हणतात. आयटी कंपन्या पुण्यासारख्या नाहीत हे खरंच आहे. पण अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेल-चादरीवाले, युनिफॉर्म शिवणारे, डाळिंब-द्राक्षांचे व्यापारी, साखर कारखाने, दवाखाने, यातल्या बऱ्याच जणांना महिन्याच्या ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं रिटर्न) आणि २० तारखेपर्यंत ३बी (कर भरायचं रिटर्न) भरणारं माणूस लागतं. ज्यांची उलाढाल पाच कोटींच्या वर आहे त्यांना ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेली बिलं) काढावी लागतात, माल बाहेर गेला की ई-वे बिल (मालाच्या वाहतुकीचा ऑनलाइन परवाना), टॉवेल परदेशी जात असेल तर एक्स्पोर्टची वेगळी कागदपत्रं. टॉवेलचा एचएसएन (जीएसटीत मालाला दिलेला कोड) ६३०२ हा आकडा तुला झोपेत पण सांगता आला पाहिजे, मग बघ मालक कसा खुर्ची पुढे करतो.

आणि यातलं एक काम सांगते, ज्यात तुझं अकाउंट आणि ते डेटा अ‍ॅनालिटिक्स एकत्र येतं. दर महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर २बी येतं, म्हणजे पार्टीने ज्यांच्याकडून माल घेतला त्यांनी काय काय बिलं दाखवलीत त्याची यादी. ती आणि आपलं खरेदीचं रजिस्टर जुळवायचं असतं, जे बिल तिकडे दिसत नाही त्याचं टॅक्स क्रेडिट मिळत नाही, मालकाचा खिसा कापला जातो. सूतवाल्याने बिल नंबर टाकलाय ००४५/२४-२५, आपल्या पोरीने टॅलीत टाकलंय नुसतं ४५, एक्सेलचं व्हीलुकअप (एका यादीतलं दुसरीत शोधायचं सूत्र) लावलं की ‘सापडलं नाही’ म्हणतं. कुठे नंबरच्या मागे एक स्पेस पडलेली, कुठे तारीख महिना-दिवस उलटी. हजारभर बिलं हाताने जुळवणारे अजून आहेत, दोन-दोन दिवस टिकमार्क करत बसतात. तू जर ते एक्सेलमध्ये अर्ध्या तासात करून दाखवलंस, आणि पुढे पॉवर क्वेरी (एक्सेलमधलंच डेटा साफ करून जुळवायचं साधन) शिकून दर महिन्याला बटण दाबून केलंस, तर ते डेटा अ‍ॅनालिटिक्सच आहे, फक्त त्याला ९५,००० लागले नाहीत. असं वर्षभर केलेलं काम घेऊन पुण्याला गेलीस तर मुलाखतीत सांगायला काहीतरी असेल, आणि त्या इंजिनीअर पोरांना टॅक्स क्रेडिट म्हणजे काय ते माहीत नसेल.

एक कडू गोष्ट पण सांगून ठेवते. या ऑफिसांत सुरुवातीला पगार फार कमी देतात आणि मुलींना वर्षानुवर्षं नुसती एंट्री करायला बसवतात. तेव्हा लागतानाच बोलून घे: सहा महिन्यांत एका पार्टीचं रिटर्न सुरुवातीपासून शेवटपर्यंत मी करणार, २बी जुळवणं तुम्ही मला शिकवायचं, आणि पीएफ-ईएसआयचं काम माझ्याकडे द्या कारण ते मला येतं. सहा महिने झाले तरी एंट्रीच चालू असेल तर दुसरं ऑफिस बघायचं, तिथे निष्ठा-बिष्ठा काही नाही. संध्याकाळी सातला घरी पोचता येईल का हेही आधीच विचार, मार्च एंडला रात्र होते, वडील त्यावरून कटकट करणार.

ऑफिस शोधताना सरकारी सोयी पण बघून ठेव. नॅट्स म्हणून केंद्राचं अप्रेंटिस पोर्टल आहे, ते फक्त इंजिनीअरांसाठी नाही, बी.कॉम.वाल्यांना पण चालतं, २०१९ च्या नियमांत पदवीधराला महिन्याला किमान ९,००० स्टायपेंड ठरवला होता. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ साली आली, त्यात पदवीधराला महिना १०,००० होते, सध्या नोंदणी कशी चालू आहे ते जिल्हा कौशल्य विकास केंद्रात जाऊन विचार, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लिंकवर नाही. अनुभव म्हणून चांगलं, पण कायम नोकरी समजून बसायचं नाही.

वडिलांशी कसं बोलायचं? ‘मला अजून शिकायचंय’ एवढंच म्हणशील तर ते स्थळच बघणार, कारण त्यात त्यांना काही ठोस दिसत नाही. त्यांच्या पुढे कागद ठेव. अमुक ऑफिसात लागतेय, एवढा पगार, येत्या जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत हे हे शिकलेली असेन, पुढच्या गड्ड्यापर्यंत एवढं, तोवर लग्नाचा विषय नको. पॉवरलूमवर काम केलेला माणूस आहे, मीटरवर हिशोब केलेला, त्यांना आकडे कळतात. आईला आधी तुझ्या बाजूला घे. आणि स्थळ फारच जोर धरत असेल तर ‘मुलगी नोकरी करते आणि पुढेही करणार’ हे वडिलांनीच समोरच्यांना पहिल्या बैठकीत सांगावं असं त्यांच्याकडून कबूल करून घे, तेवढ्यावरच काही स्थळं आपोआप गळतील, बरंच आहे.

गल्लीतल्या पीएफच्या फॉर्मचं मात्र थोडं बदल. एक वही कर, कुणाचं काय काम होतं, काय अडलं, कसं सुटलं, तारखेसकट. कुणाचे आधार नंबर, पासवर्ड त्यात लिहायचे नाहीत, फक्त कामाचं स्वरूप. मुलाखतीला जाशील तेव्हा ती वही बरोबर ने. आणि जमेल तसे पैसे घ्यायला लाग, अगदी वीस-पन्नास का होईना, कन्सल्टंट तेवढ्याच कामाचे शेकड्यात घेतात. विडी कामगारांच्या मुलांची केंद्र सरकारची स्कॉलरशिप असते, पहिलीपासून ते आयटीआय-डिग्रीपर्यंत, नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर भरतात, ती पण त्या बायकांना सांग, कितीतरी जणींना माहीतच नसते.

आणि एवढं सगळं करून, एसक्यूएलचा महिना करून, त्या मुलींशी फोनवर बोलून सुद्धा तुझं मन पुण्याच्या कोर्सकडेच ओढत असेल, तर मला परत लिही. लिहिताना त्यांचं अ‍ॅग्रीमेंट आणि कर्जाचं ते एक पान, दोन्हीचे फोटो पाठव, टोकन भरायच्या आधी.